मशीन एकशे एकवीसवर आहे

ऑटोक्लेव्हच्या बाबतीत मला शिकवेल असा माणूस अजून जन्माला यायचाय. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो: ऑटोक्लेव्ह म्हणजे प्रेशर कुकरचा सरकारी खात्यातला थोरला भाऊ. आत काचेची भांडी ठेवायची, झाकण आवळायचं, एकशे एकवीस अंशांच्या वाफेत जंतूंचा निकाल लावायचा. आमच्या प्रयोगशाळेत हे काम सतरा वर्षं माझ्याकडे आहे.

मध्यंतरी एका कंपनीकडून सर्वेक्षणाचा फॉर्म आला. ‘मशीन चालू असताना आपण जवळ थांबता का?’ लिहिलं, कायम. ‘नोंदवही वेळच्या वेळी भरता का?’ लिहिलं, वेळेच्या आधीच. हे मात्र शब्दशः खरं होतं. ‘फोनवरून दुरून देखरेख करण्यात रस आहे का?’ इथे मी थबकलो. पण मागे आमच्या मॅडम उभ्या होत्या. लिहिलं, अत्यंत.

मॅडम एवढ्या खूष झाल्या की पंधरा दिवसांत ते देखरेखीचं यंत्र चाचणीसाठी हजर! कंपनीच्या इंजिनिअर बाईंनी मशीनला एक डबी चिकटवली आणि विचारलं, “तापमानाचे निरोप कुणाकुणाच्या फोनवर जाऊ द्यायचे? दोन नंबर द्या. दुसरा हमखास फोन उचलणाऱ्याचा.”

मी बायकोचा दिला. म्हटलं, बघू दे तिलाही, नवरा काय तापमानात राबतो ते.

इथे एक गोष्ट कबूल करायला हवी. दर गुरुवारी संध्याकाळी माझे मेहुणे आमच्याकडे येतात आणि माझ्या पोटाकडे बघत व्यायामावर बोलतात. दोन तास. म्हणून दर गुरुवारी मशीनची ‘लांब फेरी’ असते. म्हणजे मी भांडारात बसून भांडारपालाबरोबर बुद्धिबळ खेळतो. सहा वर्षं हे बिनबोभाट चाललं होतं.

त्या गुरुवारी मी घोडा उचलला आणि फोन वाजला.

“अहो, कुठे आहात?”

“मशीनपाशी. वाफ बघ कशी उसळतेय. बोलायला फुरसत नाही.”

“तापमान किती?”

“एकशे एकवीस.”

“इथे सव्वीस दाखवतंय.”

भांडारपाल छताकडे बघू लागला. मी म्हणालो, “ती डबी बिघडलीय. मशीन एकशे एकवीसवरच आहे, माझ्या डोळ्यांसमोर.” फोन ठेवला आणि निर्धास्तपणे त्याचा उंट मारला.

पण माझी बायको काळजी करणारी बाई. तिने थेट मॅडमना फोन लावला, “मशीन आत तापलंय आणि बाहेर थंड दाखवतंय म्हणतात. हे अगदी जवळ उभे आहेत हो.” मॅडम नियमाच्या पक्क्या. मोजमाप खोटं म्हणजे दाबाचाही भरवसा नाही, आणि दाबाचा भरवसा नाही म्हणजे इमारत रिकामी. भोंगा वाजला! तिन्ही मजले दोन मिनिटांत रस्त्यावर. आग लागली असणार म्हणून आम्ही दोघेही धावलो.

रस्त्यावर दहा मिनिटं झाली असतील, तोच मेहुण्यांची गाडी येऊन थांबली. बायको घरातल्या चपलांवरच उतरली. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. तिने माझे दोन्ही हात उलटसुलट करून बघितले, कुठे भाजलं नाही ना म्हणून. मला फार लाज वाटली. तेव्हाच माझ्या मुठीतून घोडा खाली पडला.

चाचणीमुळे इंजिनिअर बाई त्या दिवशी इथेच होत्या; एवढ्यात त्या मशीन तपासून आतून आल्या. “मशीन गार आहे. आज दुपारपासून लावलेलंच नाही. डबी अगदी बरोबर चालतेय.”

बायकोने सुटकेचा मोठा श्वास सोडला. मग तिने खाली घोड्याकडे बघितलं, मग भांडारपालाकडे, आणि मग मनातल्या मनात सहा वर्षांचे गुरुवार मोजले.

मॅडमनी नोंदवही मागवली. त्या दिवसाच्या रकान्यात माझ्या सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं: साडेपाच ते साडेसात, एकशे एकवीस अंश, सर्व ठीक. खाली सही. घड्याळात सहा वाजून दहा मिनिटं झाली होती.

“वेळेच्या आधीच,” मॅडम शांतपणे म्हणाल्या, “फॉर्ममध्ये लिहिलं होतंत तुम्ही.”

नोकरी वाचली, ती सतरा वर्षांच्या पुण्याईवर. आता नोंदवही मॅडमच्या टेबलावर असते. दुसरा नंबर मेहुण्यांचा आहे. त्यांनी तो आपणहून दिला. घरी जाताना बायको गाडीत एकच वाक्य बोलली, “मला खरंच वाटलं होतं, तुम्ही गेलात.”

गेल्या आठवड्यात सर्वेक्षणाचा दुसरा फॉर्म आला. ‘दुरून देखरेख सुरू झाल्यापासून आपल्या सवयींत काही बदल?’ मॅडम मागे उभ्या होत्याच.

लिहिलं, हो. गुरुवारी वेळेवर घरी जातो. पोट दोन इंच कमी झालंय.