सासूबाईंच्या कोंबडीचं फिकं अंडं

खोडी काढावी तर मीच! आणि मला पकडणारा माणूस अजून जन्माला यायचाय! रंगाच्या दुकानात बावीस वर्षं डबे घोटतोय मी. चेहऱ्याचा रंग न बदलता खोटं कसं बोलायचं, हे मला कुणी शिकवायला नको.

सासूबाई आमच्याकडे राहायला आल्या, त्या एक पिशवी आणि एक कोंबडी घेऊन. कोंबडीचं नाव बाईसाहेब. वय झालेलं, पण चाल अशी की अचानक तपासणीला आलेला वरचा साहेबच! दिवसाआड एक अंडं घालायची. गडद तपकिरी, पॉलिश केलेल्या बुटासारखं.

"जावईबापू, असा रंग आहे का हो तुमच्या दुकानात?" सासूबाईंनी विचारलं.

झालं! थेट माझ्या धंद्यालाच हात घातला की!

बाईसाहेब अंडं घातलं की ओरडून गल्ली डोक्यावर घ्यायच्या. मग सासूबाई चष्मा शोधायच्या. चष्मा अर्थात मी लपवलेला! त्या दोन मिनिटांत मी अंधाऱ्या खुराड्यात हात घालायचा, खरं अंडं न बघताच रुमालात गुंडाळायचं आणि बाजारातलं, जरासं फिकं अंडं तिथे ठेवायचं. पुढच्या खेपेला त्याहून फिकं. खरं अंडं रुमालासकट दुकानातल्या पोऱ्याला देऊन टाकायचो. अंडेवाल्याकडे मी अर्धा तास अंडी उजेडाला धरून बघत बसायचो.

"भाऊ, अंडी घेताय की शर्टाचं कापड?" तो वैतागून म्हणाला.

पहिल्या अंड्याला सासूबाईंनी नुसता चष्मा पुसला. दुसऱ्याला बायकोला हाक मारली, "काय गं, रंग उतरल्यासारखा वाटत नाही तुला?" तिसऱ्याला त्यांचा आवाजच बदलला. "खरं सांग, हिला काय खायला घातलंस?"

"मी? आई, मी हिच्या वाटेलाही जात नाही!"

"तेच तर! आधी जायचीस!"

चौथं अंडं मी पांढरंशुभ्र ठेवलं. मोह, दुसरं काय!

सासूबाईंनी जनावरांच्या डॉक्टरलाच बोलावलं. त्याने बाईसाहेबांचे डोळे बघितले, पोट दाबलं, वर दोन टोचा खाल्ल्या.

"आजी, वय झालं, ऊन वाढलं, कोंबडी घाबरली की अंड्याचा रंग फिका होतो. पण तपकिरीचा फिका तपकिरी! आठवड्यात पांढराशुभ्र? कोंबडीला नाही जमायचं ते." मग त्याने आमच्या सगळ्यांवरून नजर फिरवली. "घरात कोण कोण असतं?"

मी भिंतीवरची पाल बघायला लागलो. पाल नव्हती.

सासूबाई उठल्या आणि पिशवी भरायला लागल्या. "माझ्या कोंबडीवर या घरात कुणीतरी काहीतरी करतंय. मी चालले थोरल्याकडे!" बायको रडायला लागली. अहो, सासूबाई गेल्या तर खोड्या काढायच्या कुणाच्या? बायको तर माझी पावलं ऐकूनच ओळखते!

"मीच केलं!" मी ओरडलो आणि सगळं कबूल केलं. पुरावा म्हणून उरलेली फिकी अंडीही आणून दाखवली.

सासूबाईंनी एकेक अंडं उजेडाला धरून बघितलं. मग पिशवी खाली ठेवली. "एक संधी देते. पुन्हा रंग हलला, तर मी आणि बाईसाहेब या दारात दिसणार नाही!"

मी सुटलो! आता मी हात लावणार नव्हतो, म्हणजे अंडं गडदच येणार होतं.

दोन दिवसांनी बाईसाहेब ओरडल्या. त्या दिवशी चष्मा खरोखरच हरवला होता, म्हणून मीच आधी पोचलो. अंडं बाहेर काढलं, उजेडात धरलं, आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं! फिकं! पार दुधाळ चहासारखं! रंगाचा माणूस मी, पण इतके दिवस तिचं खरं अंडं एकदाही बघितलं नव्हतं. मी खोटं फिकं करत होतो, तोवर म्हातारी कोंबडी स्वतःच फिकी पडत गेली होती!

आता हे सांगायचं कुणाला? माझ्यावर विश्वास ठेवणार कोण? बाईसाहेबसुद्धा माझ्याकडे एकाच डोळ्याने बघत होत्या. अंडं रुमालात घातलं आणि सासूबाईंना सांगितलं, आज नुसतीच ओरडली.

तेव्हापासून मी सुधारलोय. आदल्या खेपेचं अंडं कडक काळ्या चहात बुडवून, वाळवून, गडद करून तयार ठेवतो. बाईसाहेब ओरडल्या की खरं उचलायचं, चहातलं ठेवायचं. घरात शांतता आहे. डॉक्टर म्हणतो कोंबडी ठणठणीत, बायको म्हणते मी माणसात आलो.

काल सासूबाईंनी अंडं हातात घेऊन कौतुकाने फिरवलं. "बघा, तुम्ही हात लावणं सोडलंत आणि रंग कसा जागेवर आला!"

मी नम्रपणे मान खाली घातली. चहाने काळी झालेली बोटं पाठीमागे.

"फक्त एक कळत नाही हो, जावईबापू," त्या म्हणाल्या. "तुम्ही एवढे सुधारलात, मग माझा चष्मा अजून का हरवतो?"