फळ्याची उजवी बाजू

दत्तूआबांच्या पिठाच्या गिरणीबाहेर बातम्यांचा फळा आहे आणि त्याच्या मधोमध एक रेघ आहे. डावीकडे आबा बातमी लिहितात. उजवी बाजू ज्याच्याबद्दल बातमी असेल त्याची. सुतळीला खडू बांधलेला असतो. ज्याची बातमी त्याने दिवस मावळायच्या आत यावे आणि आपले म्हणणे लिहावे. कोणी आले नाही तरी आबा ती कोरी बाजू ओल्या फडक्याने पुसून घेतात.

आमच्या नवलाख उंबरे गावात आता घरोघरी फायबरचे इंटरनेट आहे. मग फळा कशाला, असे विचारणाऱ्यांत मी पहिला होतो. पुण्याच्या एका दैनिकात मी बावीस वर्षे तालुक्याचे पान लावले. पान बंद झाले, मी गावी आलो आणि मोबाइलवर गावाच्या बातम्यांचा ग्रुप काढला. मी टाकतो, गाव वाचते. आबा मात्र दळण जोखता जोखता एकच विचारायचे, "दुसऱ्याला इचारलंस का?" वार्ताहरांना हाच प्रश्न विचारण्याचा मी पगार घेत असे. त्यामुळे आबांच्या तोंडी मला तो आगाऊपणा वाटे.

एकदा डावीकडे बातमी होती: 'वेशीवरचा दिवा आठ दिवस बंद.' सरपंच आले आणि उजवीकडे लिहून गेले: 'बल्ब आणला आहे. शिडी आबांनी नेली आहे.' आबांनी पिठाच्या अंगानेच शिडी खांद्यावर घेतली, वेशीवर पोचवली आणि परत येऊन खाली लिहिले: 'दोन्ही बातम्या खऱ्या.'

ठाकरवाडीत नळ बसला तेव्हा मी ग्रुपवर मथळा दिला: 'ठाकरवाडीला पाणी.' सोबत पंचायतीने पाठवलेले नळाचे चकचकीत छायाचित्र. वाडीवरच्या चिमामावशींकडे मोबाइल नाही. त्या नाचणी दळायला आल्या. आबांनी माझा मथळा डावीकडे उतरवून त्यांना वाचून दाखवला आणि त्या बोलल्या ते उजवीकडे लिहिले: 'नळ हाय. पानी न्हाई. फोटू काडनाऱ्यानं तोटी सोडून बगितली न्हाई.' मी दुरुस्ती टाकली नाही. दुरुस्तीने ग्रुपची विश्वासार्हता कमी होईल, असा माझा अनुभवी निष्कर्ष होता.

पुढे इंटरनेटच्या पेटीसाठी पंचायतीला गिरणीची तीच भिंत हवी झाली. एका सदस्याने फोनवर सांगितले आणि मी ग्रुपवर लिहिले: 'फळा निघणार. आबांची संमती.' गिरणी माझ्या दारापासून चाळीस पावलांवर आहे.

दुपारी आबा ती चाळीस पावले चालत आले. हातात खडू होता.

"माझी दुसरी बाजू लिवायची हाय," ते म्हणाले. "कुटं लिवू?"

मी मोबाइल पुढे केला आणि तेव्हा माझ्या लक्षात आले, की ग्रुपवर माझ्याशिवाय कोणालाच लिहिता येत नाही. गोंगाट नको म्हणून ती सोय मीच करून ठेवली होती.

"म्हंजी अख्खा फळा तुजाच," आबा म्हणाले. "डावा बी आन् उजवा बी."

मी ग्रुप सर्वांना खुला केला. आबांनी सांगितलेले माझ्या बोटांनी लिहिले: 'मला कुनी इचारलं न्हाई. फळा काडू नये.' तासाभरात खाली इतकी माणसे बोलली, की पंचायतीला पेटीसाठी दुसरी भिंत बघावी लागली. त्यातल्या बऱ्याच जणांना बोलता येते हे मला ठाऊक नव्हते.

दुसऱ्या दिवशी फळ्यावर डावीकडे बातमी होती: 'बातमीदाराने न विचारता बातमी दिली.' मी सुतळीचा खडू हातात घेतला. दळणाला आलेल्या बायका डबे बाजूला घेऊन मला जागा करून देत होत्या. शेवटी लिहिले: 'खरे आहे.' मग चिमामावशींच्या नळाची दुरुस्तीही लिहावी म्हणून हात खालच्या कोपऱ्यात नेला. तिथे वीतभर रिकामी चौकट आखलेली होती. इतक्या वर्षांत मी ती पाहिली नव्हती.

आबांनी माझे मनगट धरले. "तेवढी सोड. ती नामदेवची हाय."

नामदेव त्यांचा धाकटा भाऊ. कारखान्यांसाठी जमिनीची मोजणी आली आणि गाव विरोधात उभे राहिले, त्या वर्षी आबांनी फळ्यावर लिहिले होते: 'मोजणीवाल्यांना बांध नामदेवने दाखवले.' गिरणीत ऐकले आणि लिहिले. तेव्हा फळ्यावर रेघ नव्हती. आबा विचारायला गेले ते नंतर, आणि नामदेवने दार उघडले नाही. खरे काय ते आबांना आजही माहीत नाही.

"दळायला येतो का तो?" मी विचारले.

"न्हाई. दळान घोरावाडीला नेतो." आबांनी चौकटीची पुसट झालेली कड खडूने पुन्हा ओढली. "पर हितनं जाताना गाडी हळू करतो."