चौदा नंबरचा ढिगारा

"नसलेला पक्षी मी कधी लिहिला नाही, आणि असलेला कधी सोडला नाही!" असं क्लेम नॉइमान ऑस्ट्रेलियातल्या आमच्या तालिंगा गावच्या बेकरीत दर शनिवारी सांगायचा. समोर कोण आहे याच्याशी त्याला कर्तव्य नसे. एकदा पिठाची गाडी घेऊन आलेल्या परगावच्या ड्रायव्हरलाही त्याने हे ऐकवलं होतं. त्या बिचाऱ्याने फक्त गाडी कुठे लावू एवढंच विचारलं होतं.

पण बढाई खोटी नव्हती. एकोणीस वर्षं क्लेम गावाबाहेरच्या मॅलीच्या, म्हणजे खुरट्या निलगिरीच्या, झाडीत मॅलीकोंबड्यांनी रचलेले ढिगारे मोजत होता. मॅलीकोंबडा अंड्यांवर बसत नाही. तो पाल्याचा आणि वाळूचा कमरेएवढा ढिगारा रचतो, मादी त्यात अंडी घालते, आणि कुजत्या पाल्याच्या उबेवर पिल्लं निघतात. नर महिनोन्महिने त्यात चोच खुपसून ऊब बघत बसतो. जास्त झाली की वाळू उपस, कमी झाली की ओढ. "आपल्या भागात एवढा राबणारा नवरा हा एकच," असं क्लेमची बायको डल्सी म्हणायची, आणि म्हणताना नवऱ्याकडे बघायची.

मोजणीची रीत साधी. ढिगारा बघून झाला की निघताना त्यावर दोन काड्यांची फुली ठेवायची. पुढच्या वर्षी फुली जागेवर असली तर ढिगारा ओसाड. विस्कटली असली तर कोंबडा येऊन गेला. क्लेमच्या वाट्याला एकतीस ढिगारे होते आणि चार वर्षं एकतीसच्या एकतीस फुल्या जशाच्या तशा होत्या! पाचवं वर्षही कोरडं गेलं तर झाडीचा हा तुकडा सरकारी मोजणीच्या यादीतून जाणार होता. मग कोल्ह्यांचा बंदोबस्त थांबणार, आणि कोल्हे मोकाट सुटले की उरलासुरला कोंबडा संपलाच म्हणायचा.

त्या हिवाळ्यात क्लेम अबोल झाला. शनिवारी बेकरीत येईना. घरी ताटातलं मटण गार होईस्तोवर नकाशाकडे बघत बसायचा. कुणी विचारलं तर म्हणायचा, "मी वाईट बातमी लिहायला घाबरत नाही. पण ती लिहून झाल्यावर काय करायचं ते कळत नाही."

आणि ऑगस्टच्या शेवटच्या शनिवारी तो बेकरीचं दार ढकलून ओरडला, "विस्कटली! चौदा नंबरची फुली विस्कटली!"

बेकरीवाल्या रॉसच्या हातातला पावांचा ट्रे हिंदकळला. "काय सांगतोस! पावलं उमटलीत?"

"पावलं नाहीत. वारा होता ना. आसपासची वाळू कशी झाडून काढल्यासारखी साफ!"

वाऱ्याने झाडलेली वाळू आणि झाडूने झाडलेली वाळू यात फरक असतो. क्लेमला तो एरवी झोपेतही कळला असता. पण माणसाला जे हवं असतं ते दिसलं की डोळे फार खोलात शिरत नाहीत.

"पण कोंबडा जरा आळशी दिसतोय," क्लेम खाली बसत म्हणाला. "वरवर खरडलंय नुसतं. पालाही कमी पडतोय."

"मग आपण थोडा पाला..." गावच्या चर्चचे पास्टर लिंडनर चहा ढवळत म्हणाले.

"हात लावायचा नाही, पास्टर! बघायचं आणि लिहायचं, बस. आपण हात लावला की ती नोंद राहत नाही, ती थाप होते."

सगळ्यांनी गंभीरपणे माना हलवल्या. पण 'पालाही कमी पडतोय' हे वाक्य जे बेकरीत पडलं ते उठेचना.

पंधरा दिवसांनी क्लेम पुन्हा गेला, तर ढिगाऱ्यात पाला भरलेला! पुढच्या पंधरवड्यात ढिगारा वीतभर वाढला. त्यानंतर हातभर! ऑक्टोबरात क्लेमने फीत लावली आणि तीनदा मोजलं. एकोणीस वर्षांत एवढा थोरला ढिगारा त्याने पाहिला नव्हता.

"हा कोंबडा आहे की बुलडोझर?" तो डल्सीला म्हणाला.

"असतो एखादा कामसू," डल्सी भांडी घासत म्हणाली. पण आवाज जरा चमत्कारिक होता. तिलाही प्रश्न पडला होता, कारण तिने काही एवढं केलं नव्हतं!

क्लेमने फोटो पाठवले आणि मोजणीच्या कार्यालयातली तमसिन दुसऱ्याच आठवड्यात धावत आली. तरुण पोर, पण ढिगाऱ्याभोवती तिने बारकाईने दोन फेऱ्या मारल्या.

"नॉइमानसाहेब, यात निलगिरीच्या पाल्याबरोबर गुलाबाच्या पाकळ्या कशा?"

"वारा!" क्लेम म्हणाला.

तमसिनने झाडाला एक छोटा कॅमेरा बांधला. समोर काही हललं की आपोआप चित्रण करणारा. "तीन आठवडे इकडे यायचं नाही, आणि कुणाला सांगायचंही नाही," ती म्हणाली. क्लेमने शब्द पाळला. आयुष्यात पहिल्यांदाच त्याने कोंबड्याबद्दलची एक गोष्ट बेकरीत सांगितली नाही, आणि नेमकी तीच सांगायला हवी होती.

तीन आठवड्यांनी तमसिनने सकाळी कॅमेरा उतरवला आणि थेट गावच्या हॉलवर आणला. आधी आपण दोघंच बघून घेऊ म्हणाली, पण क्लेम ऐकतोय कुठला! "गावाने माझी चार वर्षं ऐकून घेतलीत. पहिला कोंबडा गावाबरोबर बघणार." त्याने नुसतं 'या' म्हटल्यावर चाळीस माणसं जमली होती. खोबऱ्यात घोळवलेल्या केकचे चार ट्रे आले होते. कॅमेऱ्याचं नाव निघालं तेव्हा हॉलमध्ये एकदम खोकल्याची साथ आली, पण क्लेम पडदा सरळ करण्यात गुंतला होता.

दिवे मालवले. पडद्यावर ढिगारा. मग झुडपं हलली.

"आला!" क्लेम कुजबुजला.

झुडपातून डल्सी आली. अंगात ॲप्रन, हातात बागेतलं खोरं. तिने इकडेतिकडे पाहिलं, ढिगारा खरडला, काड्या उडवल्या आणि मागे सरकत सरकत फांदीने स्वतःची पावलं पुसून टाकली.

दुसरं चित्रण सुरू झालं. पास्टर लिंडनर, हातात पोरांचं समुद्रावरचं प्लास्टिकचं फावडं. तिसऱ्यात रॉस, पाठीवर पाल्याने भरलेलं पिठाचं पोतं. चौथ्यात फुटबॉल क्लबचा कप्तान चक्क ढकलगाडी घेऊन! पाचव्यात पोस्टातली आयव्ही, तिने आपल्या बागेतला गुलाबाचा कचरा ओतला आणि जाताना सगळं झाडून टापटीप केलं. दर वेळी अंधारात एकेक खुर्ची करकरत होती. पास्टरांनी घातलेली वाळू रॉसने उपसली होती, रॉसचा पाला कप्तानाने दुसऱ्या बाजूला नेला होता, आणि प्रत्येकाला वाटत होतं की आपण एकटेच पापी! असे अकरा जण झाले. आठवा कोण होता ते सांगत बसत नाही. फावडं माझं होतं.

"दिवे लावा," क्लेम म्हणाला.

"अजून एक आहे," तमसिन हळूच म्हणाली.

शेवटचं चित्रण आदल्या दिवशी सकाळचं होतं. ऊन तिरपं पडलेलं. झुडपातून एक पक्षी आला, राखी मानेचा, पाठीवर तपकिरी-पांढरी नक्षी असलेला, एकेक पाऊल जपून टाकणारा. कोंबडा! तो ढिगाऱ्यावर चढला, चोच आत खुपसली आणि तशीच ठेवून उभा राहिला. मग पायाने थोडी वाळू मागे उडवली. पुन्हा चोच खुपसली. एक गुलाबाची पाकळी उचलून बघितली, टाकली. मग खाली उतरला आणि आला तसा निघून गेला.

क्लेम रडत होता. आनंदाने की संतापाने, हे त्याला विचारलं असतं तरी सांगता आलं नसतं. कोंबडा होता! चार वर्षं नुसत्या फुल्या मोजल्या, तो जिवंत होता, घर बघायला आला होता, आणि आम्ही त्या घरात एवढी वर्दळ करून ठेवली होती की त्याला तिथे राहावंसं वाटलं नाही.

"ढिगारा बाद," तमसिन म्हणाली. "पण पक्षी पक्षीच आहे, साहेब. त्याचं चित्रण आहे, तारीख आहे. तुकडा यादीत राहील. कोल्ह्यांचा बंदोबस्तही राहील."

कुणीतरी टाळी वाजवली आणि क्लेमकडे बघून लगेच थांबवली.

"डल्सी," क्लेमने विचारलं, "या कोरड्या चार वर्षांच्या आधी फुल्या विस्कटायच्या, तेव्हाही तूच?"

"नाही रे! शपथ! तेव्हा तू नीट जेवत होतास."

क्लेम उठला, सगळ्यांसमोर उभा राहिला आणि म्हणाला, "पुढच्या वर्षी चौदा नंबरजवळ कुणाचं खोरं दिसलं तर ते मी जप्त करीन. पास्टर, तुमचं प्लास्टिकचंसुद्धा." मग ट्रेकडे बोट दाखवून म्हणाला, "केक खा आता. सुकतोय."

घरी आल्यावर त्याने स्वयंपाकघराच्या टेबलावर मोजणीचा कागद पसरला. डल्सी शेजारी चहा घेऊन उभी होती, जराशी लांबच. 'पक्षी' या रकान्यात त्याने 'एक' लिहिलं आणि ते सुकेपर्यंत बघत बसला. 'चालू ढिगारे' खाली शून्य. मग 'ढिगाऱ्याला उपद्रव' असा रकाना होता. त्यात कोल्हा, बकरी, ससा अशा चौकटी आणि शेवटी 'इतर, तपशील व संख्या लिहा.' क्लेमने 'माणूस' लिहिलं. पेन जरा वेळ हवेत राहिलं. मग त्याने 'बारा' लिहिलं.

डल्सी वाकून बघत म्हणाली, "अकराच होतो की रे आम्ही! मी मोजले."

क्लेमने कागदाची घडी घातली, पुन्हा उघडली, पुन्हा घातली.

"तमसिन यायच्या आदल्या दिवशी," तो खिडकीबाहेर बघत म्हणाला, "ढिगारा एका बाजूने जरा कलता वाटत होता. पाहुणी काय म्हणेल म्हणून बुटाने सारखा केला. अगदी जरासाच!"