सेकंड हाफ अंबरनाथला

आमच्या वरच्या मजल्यावरचे भालेराव फुटबॉलची एक मॅच दोन गावांत मिळून बघायचे. पहिला हाफ बदलापूरला, दुसरा अंबरनाथला. यात तिखटमीठ काही नाही, कारण मधली स्कूटर मी चालवायचो.

दोन हजार पाच-सहाच्या सुमाराची गोष्ट. लोडशेडिंग ऐन भरात होतं. बदलापुरात, आमच्या हेंद्रेपाड्यातली लाईट सव्वाचारला जायची. अंबरनाथची दुपारी एकला गेलेली चारला परत यायची. आणि भालेराव ज्या क्लबचे भक्त होते त्याची मॅच रविवारी साडेतीनला सुरू व्हायची. म्हणजे तिकडे हाफटाइमची शिट्टी वाजली की इकडे आमचा पंखा थांबलाच. दोन्ही गावांची वेळापत्रकं भालेरावांनी पेपरातून कापून कपाटाच्या दारावर चिकटवली होती. आमच्या कपाटाच्या. "तुमचं कपाट टीव्हीशेजारी आहे, नजर टाकायला बरं," म्हणाले.

पहिला हाफ बघायला ते आमच्याकडे यायचे. येताना पायात बूट, मांडीवर हेल्मेट. तुमच्याकडे टीव्ही नाही का, असं मी सुरुवातीला एकदा विचारून बघितलं.

"आहे की. पण वरून खाली यायला दीड मिनिट जातं, सावंत. हाफटाइम पंधरा मिनिटांचा असतो, तासाचा नाही."

क्लब कलकत्त्याचा. भालेरावांनी कलकत्ता कधी पाहिलं नव्हतं. अंबरनाथ एमआयडीसीतल्या ज्या केमिकल कंपनीत ते ऑपरेटर होते, तिथे फार पूर्वी कोणी बंगाली फिटर होता. त्यानं हे वेड लावलं आणि स्वतः नोकरी सोडून गेला. क्लबचं नाव भालेराव घेत नसत, नुसतं 'आपली' म्हणत. "आज आपली आहे." नवख्या माणसाला वाटायचं, घरात कोणाची परीक्षा आहे. आपली बहुतेक वेळा हरायची. हरली की भालेराव म्हणायचे, "शिट्टी वाजली," आणि त्यावर पुढे एक अक्षर बोलायचे नाहीत. कुठलाही नकोसा विषय ते असाच बंद करायचे. मी सोसायटीच्या टाकीचा विषय काढला की शिट्टी वाजायची.

बाकी मतं मात्र न विचारता मिळायची. मी क्रिकेटवाला, म्हणून त्याचा पहिला नंबर. "ज्या खेळात मधे जेवायला सुटतात तो खेळ नाही, ऑफिस आहे." आमच्या सौभाग्यवतींची संध्याकाळची मालिका चालू असली तर दोन मिनिटं उभ्या उभ्या बघायचे आणि म्हणायचे, "वहिनी, ही बाई गेल्या महिन्यापासून तोच जिना उतरतेय. टाइमपास करते म्हणून कार्ड दाखवा हिला." हिंदी सिनेमाबद्दलची त्यांची तक्रार अशी की इंटरव्हलनंतर हिरो आणि व्हिलन बाजू बदलत नाहीत, मग लोकांनी परत आत का जावं? डावीकडून घुसणाऱ्या रिक्षावाल्याला ते शिवी देत नसत. कौतुकानं बघायचे आणि म्हणायचे, "याला विंगला खेळवला पाहिजे." लग्नात जेवायला वाढणारा लाडू घेऊन समोरच्या रांगेतूनच परत फिरला की ओरडायचे, "अरे, पास दे की इकडे!" माणूस म्हणून तापदायक. पण रविवारी ते आले नाहीत तर मलाच चुकल्यासारखं व्हायचं.

अंबरनाथला जायचो ते त्यांच्या मुलीच्या घरी. इथे मात्र भालेरावांचं बोलणं एकदम आटायचं. उज्ज्वलानं चार वर्षांपूर्वी घरी न सांगता कोर्टात जाऊन लग्न केलं होतं. मुलगा दुसऱ्या जातीतला. "जातीचं माझं काही नाही," भालेराव म्हणायचे, "आम्ही विहारात जाणारी माणसं, जात आम्ही कशाला काढू? पण बापाला सांगायचं नाही? सही करून आल्यावर कळवायचं?" आणि लगेच, "शिट्टी वाजली." दोन वर्षं त्यांनी मुलीचं तोंड बघितलं नाही. शालनवहिनी, म्हणजे त्यांच्या मंडळी, दर गुरुवारी एकट्याच जाऊन यायच्या.

मग लोडशेडिंग आलं. एका रविवारी ते सहज आमच्याकडे बसले असताना भर मॅचमधे टीव्ही विझला. भालेराव अंधारलेल्या पडद्याकडे बघत बसले आणि एकदम म्हणाले, "सावंत, गाडी काढा. अंबरनाथला एक टीव्ही आहे माहितीतला."

माहितीतला! मुलीच्या दारात उभं राहिल्यावर मला कळलं.

तेव्हापासून ते ठरूनच गेलं. भालेराव आत जायचे, कोपऱ्यातल्या खुर्चीत बसायचे आणि टीव्हीत डोकं खुपसायचे. मुलीशी एक शब्द नाही. जावई प्रदीप बिचारा दाराला टेकून उभा. सगळा व्यवहार माझ्यामार्फत.

"सावंत, त्यांना सांगा, चहा फिका आहे."

"काका, त्यांना सांगा, डॉक्टरांनी साखर कमी करायला सांगितलीय."

"डॉक्टर मॅच बघत नसेल म्हणावं."

तीन फुटांवर बसलेली माणसं ही. माझी मान टेनिसच्या प्रेक्षकासारखी इकडून तिकडे. मॅच संपली की भालेराव हेल्मेट उचलायचे आणि टीव्हीला नमस्कार केल्यासारखं काहीतरी पुटपुटून निघायचे. मला वाटायचं, काय हा माणूस! बावीस जणांच्या पळापळीसाठी मान-अपमान गिळून मुलीच्या दारात जातो, आणि गेल्यावर तिच्याकडे बघतही नाही. मी स्वतःला तसा हुशार समजतो, म्हणून माझं हे वाटणं जास्त लाजिरवाणं आहे.

त्या सीझनची शेवटची मॅच आली. हरली तर आपली खालच्या डिव्हिजनमधे जाणार होती. भालेराव आठवडाभर जेवले नाहीत, असं वहिनी सांगत होत्या. जिन्यात भेटले तरी बोलत नव्हते. मला वाटलं, या माणसासाठी आपण काहीतरी केलं पाहिजे. ही शेवटची मॅच तरी त्यानं धावाधाव न करता, एका जागी बसून बघावी.

मी उल्हासनगरला कॅम्प एकमधल्या एका सिंधी दुकानदाराकडे गेलो आणि इन्व्हर्टर आणला. "ले जाओ साईं," तो म्हणाला, "लाईट गया तो तुमको पता भी नहीं चलेगा." रविवारी सकाळी त्याच्या माणसानं येऊन जोडूनही दिला. भालेरावांना मी अवाक्षर सांगितलं नाही. शालनवहिनी सकाळीच अंबरनाथला गेल्या होत्या.

साडेतीनला भालेराव आले. बूट, हेल्मेट, आणि त्या दिवशी चक्क इस्त्रीचा शर्ट. चाळिसाव्या मिनिटाला आपलीवर गोल झाला. ते मात्र सारखे घड्याळाकडे बघत होते. गोल झालेला त्यांनी नीट पाहिला तरी होता की नाही, कोण जाणे.

सव्वाचारला शेजारपाजारचे आवाज नेहमीसारखे एकदम बंद पडले. मिक्सर थांबला, कोणाचा तरी रेडिओ गप्प झाला. आमचा टीव्ही चालू. पंखा चालू. मी दोन्ही हात पसरून म्हटलं, "बसा निवांत! आज कुठे जायचं नाही. इन्व्हर्टर घेतलाय!"

भालेराव अर्धवट उठले होते, हेल्मेट हातात. ते तसेच परत बसले.

"अरे वा," म्हणाले. "छान झालं."

असं पडेल 'छान झालं' मी आयुष्यात ऐकलं नव्हतं. मला काही कळेना. चहाचं बघायला आत गेलो तर आमची ही ओट्यापाशी कपाळाला हात लावून उभी.

"अहो, काय करून बसलात? तुम्हाला खरंच वाटतं का, भाऊजी मॅच बघायला अंबरनाथला जातात?"

"मग?"

"उज्ज्वला चालली. जावयांना वापीला नोकरी लागलीय. उद्या सकाळी टेम्पो येतोय सामानाला. शालनवहिनी कशाला गेल्यात सकाळपासून? बांधाबांध करायला. आज त्यांनी मुलीला भेटायचं कसं? काय कारण सांगून?"

मला माझी स्वतःचीच इतकी चीड आली की तो इन्व्हर्टर उचलून खिडकीबाहेर टाकावा असं वाटलं.

बाहेर आलो. दुसरा हाफ सुरू झाला होता. भालेराव गुडघ्यांवर हात ठेवून ताठ बसले होते. मी त्यांच्याशेजारी बसलो. 'चला, जाऊ या' म्हणावं, तर त्यांचं इतक्या दिवसांचं झाकलेलं आपण उघडं पाडणार. आणि न म्हणावं, तर उद्या टेम्पो. पन्नासावं मिनिट. पंचावन्नावं. आपलीनं एक फ्री किक बाहेर मारली. भालेरावांच्या कपाळावर घाम, आणि डोक्यावर आमचा पंखा गरगर फिरतोय. दरवाज्यात आमची ही पदर हातात धरून उभी. त्या खोलीत मॅच कोणीच बघत नव्हतं.

साठाव्या मिनिटाला भालेराव उठले. कोपऱ्यात गेले. खाली वाकून इन्व्हर्टर नीट न्याहाळला आणि त्याचं बटण बंद केलं.

टीव्ही विझला. पंखा मंद होत थांबला.

"गेली बघा लाईट," ते माझ्याकडे न बघता म्हणाले. "चला, सावंत."

मी इतक्या झटक्यात स्कूटर काढली की चप्पल घालायची राहिली. कात्रप ओलांडेपर्यंत ते गप्प होते. एरवी मागून "दाबा, दाबा" चालू असायचं. एकदम म्हणाले, "जरा हळू घ्या."

मी हळू घेतली.

"ती सांगायला आली होती, सावंत."

"कोण?"

"उजू. लग्नाच्या आधी. आपलीची मॅच चालू होती. खुर्चीशेजारी येऊन उभी राहिली, म्हणाली, पप्पा, थोडं बोलायचंय. मी म्हटलं, हाफटाइमला बोल. हाफटाइमला पुन्हा आली तर मी म्हटलं, आता एकदम संपल्यावरच बोल. मॅच संपली तेव्हा ती घरात नव्हती. मी पण विसरलो. पंधरा दिवसांनी सही करून आली." त्यांनी मागून माझा खांदा धरला. "लोकांना सांगतो, बापाला सांगितलं नाही. किती वेळा सांगणार हो पोरगी?"

रस्ता मला धूसर दिसत होता आणि ते धुळीमुळे नव्हतं.

उज्ज्वलाचं दार उघडंच होतं. आत सगळीकडे खोकी. भांडी गोणपाटात बांधलेली. कोपऱ्यातली खुर्ची उलटी करून टेबलावर ठेवलेली. शालनवहिनी हातात डबा घेऊन खाली बसल्या होत्या, त्या तशाच राहिल्या. प्रदीप मागच्या दारात सुतळी कापत होता.

"पप्पा?" उज्ज्वला गोंधळून म्हणाली. माझ्यामार्फत बोलायचं तिलाही सुचलं नाही. "मॅच... पप्पा, टीव्ही तर बांधला."

टीव्ही गोधडीत गुंडाळून भिंतीशी ठेवला होता. भालेराव त्याच्याकडे बघत राहिले. आता बघायला काही नव्हतं आणि सांगायला कारणही नव्हतं. त्यांनी माझ्याकडे वळून तोंड उघडलं, "सावंत, त्यांना सांगा..." आणि तिथेच अडकले. मला वाटलं, हा माणूस आता मागे फिरतो. मी मुद्दाम दारात आडवा उभा राहिलो.

ते फिरले नाहीत. एका खोक्यावर बसले. हेल्मेट खाली ठेवलं.

"उजू, त्या दिवशी तू काहीतरी सांगायला आली होतीस. मी मॅच बघत होतो."

उज्ज्वलानं पदराला हात पुसले.

"काय सांगायचं होतं?"

"आता काय त्याचं, पप्पा? उद्या टेम्पो येतोय."

"येऊ दे. तू सांग. मी ऐकतोय."

उज्ज्वला आईकडे बघायला लागली. वहिनींनी डबा खाली ठेवला. मग ती पुढे आली, बापाच्या समोर फरशीवर बसली, आणि परकरातल्या पोरीसारखा घाबरलेला आवाज काढून, खरोखरच घाबरून, म्हणाली, "पप्पा, मला एक मुलगा आवडतो."

"काय करतो?"

"एमआयडीसीत आहे. सुपरवायझर."

"आपल्यातला आहे?"

"नाही."

"दारू वगैरे?"

"नाही घेत."

"फुटबॉल बघतो?"

तिनं एकदा माझ्याकडे बघितलं. "नाही, पप्पा. क्रिकेट."

भालेरावांनी डोळे मिटून घेतले. मिटलेल्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते पुसायला त्यांनी हात उचलला नाही.

"चालेल," ते म्हणाले. "नाव काय त्याचं?"

"प्रदीप."

"घेऊन ये त्याला घरी. बोलतो मी."

मागच्या दारात प्रदीपनं हातातली सुतळी खाली ठेवली. शर्ट झटकून नीट केला, केसांवरून हात फिरवला, आणि गोणपाटं ओलांडून समोर येऊन उभा राहिला.

"जय भीम, काका," तो म्हणाला. "मी प्रदीप."