पाय असलेली अक्षरं

आमच्या विंझरचे मारुतीतात्या पेंटर नवरीला समोर बसवून दोन वाक्यं बोलायला लावल्याशिवाय तिचं नाव भिंतीवर लिहीत नाहीत. आमच्याकडे लग्नघराच्या दर्शनी भिंतीवर नवरा-नवरीची नावं शेजारी शेजारी रंगवायची पद्धत आहे. काम नवऱ्याच्या घरी असलं, की तात्या एसटीनं नवरीच्या गावी जाऊन यायचे. एका नवरदेवानं स्वतः मुलगी धड पाहिली नव्हती. तात्या दोनदा पाहून आले होते.

"नाजूक बोलती. तिला जाड रेघ सोसायची न्हाई," असं पुटपुटत ते ब्रश निवडायचे.

त्यांच्या प्रत्येक उभ्या रेघेला खाली छोटासा पाय असतो. तो कशाला, असं मी एकदा विचारलं.

"सौंसार हुबा ऱ्हायचाय त्यावर, गुरुजी."

मी शाळामास्तर. मुलांची अक्षरं वळणावर आणता आणता माझंच बिघडलं. तात्या मात्र हातभर लांब शिरोरेघ दोरी न लावता, श्वास रोखून, एका दमात ओढतात. मी कितीदा पट्टी लावून पाहिली. दर वेळी पट्टीच वाकडी वाटली.

पण आता फ्लेक्स आले. जुन्या भिंतींना टाइल्स लागतायत आणि तात्यांची नावं एकेक करून जातायत. मला फार वाईट वाटायचं. माझी भाची सायली पुण्यात अक्षरांचंच शिक्षण घेते. तिनं ठरवलं, तात्यांची अक्षरं कंप्युटरात घालायची, म्हणजे ती टिकतील आणि कुणालाही वापरता येतील. त्यासाठी प्रत्येक अक्षर सुटं, कोऱ्या कागदावर हवं होतं.

तात्यांनी कागद परत सरकवला. "सुटं अक्षर म्या लिवत न्हाई. कुणाचं हाय, त्ये सांग आदी."

सायली रडकुंडीला आली, तात्या हटेनात. शेवटी मी म्हणालो, "मग तुम्हीच सांगा कुणाचं ते."

आणि काय सांगू! "झ? झुंबर. पालीची. हसली की समदं घर हसायचं. तिच्या झचं पोट गोल पायजे. ठ? ठकूबाई, कापूरहोळची. लई ठसका." प्रत्येक अक्षराला एक नवरी. कोण कशी बोलली, कुणाचा आवाज कापला, सगळं तोंडपाठ. मी थक्क होऊन ऐकत राहिलो. 'ढ'ला मात्र दोन रविवार नवरी मिळेना. अखेर ढेबे आडनावाच्या एका नवरदेवावर भागवलं.

परवा सायली लॅपटॉप घेऊन आली. "तात्या, आता कुणाचंही नाव सांगा. तुमच्या अक्षरात लिहिते."

तात्या खाली बघत म्हणाले, "माजं लिव."

पडद्यावर 'मारुती' उमटलं, पाय रोवून उभं. तेव्हा माझ्या लक्षात आलं, की गावोगावी नावं लिहिणाऱ्या या माणसाचं नाव कुठल्याच भिंतीवर नाही. त्यांचं लग्नच झालेलं नाही.

"आदी 'चि.' लिव की," तात्या म्हणाले.

सत्तरीतला चिरंजीव! सायलीला हसू फुटलं, मलाही. तिनं 'चि.' लिहिलं.

तात्या पडद्याच्या अगदी जवळ गेले. "आता जरा डाव्या अंगाला सरकीव."

"का? मधोमध छान दिसतंय की."

"आगं, शेजारी नवरीच्या नावाला जागा नको व्हय?"

सायलीनं नाव डावीकडे सरकवलं.