सुट्टीवरची वर्दी

वासुदेव भोयरची गोष्ट मी आजवर अर्धीच सांगत आलो. लग्नाच्या पंगतीत सांगितली, दुकानाच्या ओट्यावर सांगितली, पाहुण्यांना चहा देता देता सांगितली. हशा पिकला की मी थांबायचो. उरलेली अर्धी सांगायचं मी वर्षानुवर्षं टाळलं. सेलूतले लोक वासुदेवला आजही त्या हशावरूनच ओळखतात, आणि त्याला मी जबाबदार आहे. आता वय झालं. म्हणून सगळी लिहून काढतो.

सुरुवात मात्र हसण्यापासूनच करावी लागेल, कारण वासुदेव खरोखरच हसू येण्यासारखं वागायचा.

तो फौजेत नायक होता. लढाई झाली त्या काळात त्याला घरी येताच आलं नव्हतं. सगळं शांत झाल्यावर, पोळ्याच्या आसपास, तो लांब सुट्टीवर आला. दुसरा कुणी असता तर आल्या दिवशी पायजमा चढवून गावभर पान खात हिंडला असता. वासुदेव रोज सकाळी आंघोळ करून, दाढी घोटून, कडक इस्त्रीची वर्दी घालून, पट्टा आवळून, बूट चमकवून, टोपी बरोबर बसवून घराबाहेर पडायचा. डाव्या हातावर त्याची लहानगी मुलगी, बेबी. उजवा हात मोकळा. हा हात मोकळा का, तर वाटेत कुणी साहेब भेटला तर सलाम ठोकायला. आता सेलूच्या बाजारात साहेब कोण भेटणार? फार तर तहसीलचा कारकून. त्यालाही वासुदेव सलाम करायचा नाही, कारण तो फौजेतला नव्हता. पण हात मोकळा तो मोकळाच.

माझं कापडाचं दुकान बाजाराच्या रस्त्यावरच. त्या वर्दीची इस्त्री मी धंदेवाईक डोळ्यानं पाहायचो. बाहीवरची घडी अशी, की बोट लावावं तर कापेल.

वर्दी घातली की तिचे नियम आले, आणि नियम वासुदेवला प्राणाहून प्यारे. आठवडी बाजारात त्याची बायको इंदू डोक्यावर भोपळा, हातात भाजीची पिशवी अशी चाललेली, आणि हा पुढे छाती काढून. भाजीवाली मावशी एकदा ओरडलीच, "काऊन जी फौजी, बायकोले बैल केलं अन् तुमी रिकामे चालून राह्यले?"

"वर्दीत आहो ना, मावशी. वर्दीत पिशवी धरता येत नाई."

"मंग काढा ना ते वर्दी!"

त्याने तेच केलं. पोरीला शेजारच्या घरी सोडलं, वर्दी उतरवली, बनियन-पायजम्यावर धावत बाहेर आला आणि इंदूच्या हातातली पिशवी घेतली. तोवर ती घराच्या दारात पोचली होती. पिशवी उंबरठ्यापासून चुलीपर्यंत वासुदेवने वाहिली.

समोरच्या केशकर्तनालयातला रामाजी न्हावी त्याला मुद्दाम तंबाखू पुढे करायचा. "वर्दीत आहो ना, भाऊ," असं म्हणून वासुदेव घरी जायचा, कपडे बदलून यायचा, चिमूट तोंडात धरायचा, मग थुंकून, चूळ भरून, पुन्हा वर्दी घालून, पोरगी उचलून आमच्यासमोरून जायचा. एका चिमटीसाठी एवढी परेड.

एके दिवशी पावसाची जोराची सर आली. वासुदेव दुकानासमोर, हातावर बेबी. बेबीच्या हातात छत्री. छत्री तेवढी बेबीवर, आणि हा नखशिखांत भिजलेला.

मी ओरडलो, "अहो, छत्री थोडी इकडं करा ना!"

"वर्दीत छत्री नाई घेता येत, मधुभाऊ."

"मग ही काय?"

"हे बेबीची आहे. बेबी कुठं फौजेत आहे?"

बेबी फार गंभीरपणे छत्री धरून बसली होती. रामाजी हसून हसून वस्तरा ठेवून बाहेर आला.

सुट्टीवर घरी आलेल्या शिपायानं वर्दीचे नियम पाळावेत की नाही, हा आमच्या ओट्यावरचा रोजचा वाद झाला. तोवर आम्ही कापसाचा भाव आणि सरकार यांवर बोलायचो. ते विषय मागे पडले. रामाजी वासुदेवच्या बाजूचा. "घरी आला म्हणून काय फौजी फौजी राहात नाई? डाक्टर घरी आला तं सुई देनं विसरते काय?"

मी म्हणायचो, "पण डॉक्टर जेवायले बसतानी गळ्यात नळी अडकवून बसते काय, रामाजी? ड्यूटीवर वर्दी, घरी माणूस."

"तुमी कापडवाले. तुमाले कापडच दिसते."

हरेल त्यानं सगळ्यांना चहा पाजायचा, असं ठरलं. पण निकाल द्यायचा कुणी? मी सरळ वासुदेवलाच विचारलं.

"वासुदेवभाऊ, सुट्टीवर वर्दी घालायचा कायदा आहे काय?"

छत्रीपासून तंबाखूपर्यंत प्रत्येक गोष्टीचा नियम तोंडपाठ असलेल्या या माणसानं खाली बुटांकडे पाहिलं. मग, "चाल बेबी," म्हणाला आणि निघून गेला.

तिथून मला चैन पडेना. यात काहीतरी आहे, असं वाटायला लागलं. मी त्याच्याकडे बारकाईनं बघू लागलो. दुपारी तो शेतात जाताना बनियनवर दिसायचा, तेव्हा एकटाच असायचा. संध्याकाळी विहिरीवर दिसायचा, तेव्हाही एकटा. हे मी डोळ्यांनी बघत होतो. आज म्हणतो, जरा डोकं चालवलं असतं तर कळलं असतं. पण मला उत्तर नको होतं, मला गंमत हवी होती.

पुलगावात एक पेन्शनर सुभेदार राहायचे. माझे जुने गिऱ्हाईक. त्यांच्या घरी लग्न होतं. मी निरोप धाडला, साड्यांचा नवा माल आला आहे, सकाळच्या गाडीनं या. ते आले. मी त्यांना पंख्याखाली न बसवता रस्त्याच्या बाजूला गादीवर बसवलं. साड्या उलगडता उलगडता म्हटलं, "सुभेदारसाहेब, आमच्या गावात एक फौजी आहे. सुट्टीतही वर्दी घालून मिरवतो."

मिरवतो हा शब्द माझा. तो मी नीट निवडून वापरला होता.

तेवढ्यात वासुदेव आला, रोजच्यासारखा, हातावर बेबी. मी हाक मारली, "वासुदेवभाऊ, या ना, चहा घ्या. हे पुलगावचे सुभेदारसाहेब."

वासुदेवचे बूट खाडकन जुळले. उजवा हात टोपीपाशी गेला. सेलूच्या बाजारात त्याला पहिल्यांदाच साहेब भेटला होता. चेहरा असा खुलला, की बेबीही त्याच्याकडे बघून हसली.

सुभेदारांनी विचारलं, "छुट्टी पर हो?"

"जी साब."

"तो वर्दी क्यों? किस के हुकुम से?"

रामाजी दुकानाच्या पायरीशी येऊन उभा राहिला होता, आणखी चार-दोन लोक जमले होते. सुभेदारांनी आवाज चढवला.

"फौजी हो या बहुरूपी? वर्दी बाजार में घुमाने की चीज है? घर जाओ, उतारो, पेटी में रखो. वापस जाते टाइम पहनना."

वासुदेवचे ओठ हलले. त्याने एकदा हातावरच्या पोरीकडे पाहिलं. मग म्हणाला, "जी साब." मागे फिरला आणि ताठ चालत घरी गेला.

लोक पोट धरून हसले. चहा रामाजीच्या खर्चानं झाला. बहुरूपी हा शब्द त्या दिवसापासून वासुदेवला चिकटला, आणि तो चिकटवायला मीच सगळ्यांत जास्त मेहनत घेतली. आजवर मी जी गोष्ट सांगत आलो, ती इथं संपायची.

दुसऱ्या दिवशी वासुदेव पांढरा सदरा आणि पायजमा घालून ओट्यावर येऊन बसला. हात मांडीवर. बेबी नव्हती.

"छोकरी कुठं?"

"खेळून राह्यली."

तिसऱ्या दिवशीही तसंच. रामाजीनं तंबाखू पुढे केली, आता तर कुठलाच नियम आड येत नव्हता, पण वासुदेवने हलकेच मान हलवली. मग आत येऊन म्हणाला, "मधुभाऊ, लहान पोरीले कोनता रंग आवडते जी?"

मी म्हटलं, "पोरीलेच आणा ना, दाखवू."

"नाई. तुमीच सांगा."

मी लाल फुलांचं एक कापड फाडून दिलं. तो कापड हातात घेऊन बराच वेळ उभा राहिला, घरी जायचं धैर्य गोळा करत असल्यासारखा. तेव्हा मला ते तसं वाटलं नव्हतं. तेव्हा वाटलं, कापड पारखतो आहे.

सुट्टी संपली, तो गेला.

दिवाळीला इंदू दुकानात आली. लुगडं बघता बघता मी सहज विचारलं. सहज म्हणजे, तो प्रश्न अजून माझ्या मनात खदखदतच होता. "वहिनी, भाऊ घरीसुद्धा वर्दी काऊन घालत होते जी?"

"तुमाले ठाऊक नाई?" तिला नवल वाटलं. "पोरगी वळखतच नव्हती ना."

मग तिने जे सांगितलं ते असं. वासुदेव गेला तेव्हा बेबी पाळण्यात होती. भिंतीवर त्याचा वर्दीतला फोटो. इंदू रोज दिवा लावताना फोटो दाखवायची, "हे तुहे बाबा." पोरीचा बाप म्हणजे तो फोटो. वासुदेव स्टेशनवरून वर्दीतच घरी आला आणि पोरगी "बाबा, बाबा" करत त्याच्या पायाला बिलगली. त्याने तिला उचललं तेव्हा, इंदू म्हणाली, "मानूस रडला जी. मी लगन झाल्यापासून पाह्यलं नोतं." मग तो आंघोळीला गेला आणि बनियनवर बाहेर आला. पोरीनं किंकाळी फोडली. हा कोण माणूस? माझे बाबा कुठं गेले? शेजारच्या घरात पळाली, काही केल्या येईना. शेवटी त्याने पुन्हा वर्दी चढवली, तेव्हा आली.

"मंग म्हने, मी हळूहळू सवय लावतो. घरातल्या घरात आधी टोपी काढली. ते चाललं. मंग बूट. मंग पट्टा. पोरगी बसून राहे मांडीवर. सदऱ्याचं एक बटन उघडलं होतं, भाऊजी. आनखी थोडे दिवस पाह्यजे होते." इंदूने लुगड्याची घडी उगाच सारखी केली. "तवाच कोन सुभेदार भेटला अन् सारीच काढायले लावली एका टायमाले."

"मग?"

"मंग काय. पोरगी जवळ जाये नाई. घरात परका मानूस आहे म्हनून जेवे नाई. हे ओसरीत झोपले बाकीचे दिवस. तिच्यासाठी फ्राकाचं कापड आनलं, तं तिनं हातात धरलं नाई. जायच्या दिवशी वर्दी घातली, तं बिलगली. मले बोटं सोडवा लागली तिचे. एक एक."

माझ्या तोंडून कसंबसं निघालं, "सुभेदाराला सांगायचं होतं ना."

"मी तेच म्हनलं. तं मलेच म्हने, चूक माहीच होती, साहेब बरोबर बोलले. तुमी चहाले बोलावलं होतं, ते मात्र सांगे. म्हने, मधुभाऊनं परायासारखं नाई वागवलं."

मी तिला ते लुगडं पैसे न घेता देऊ लागलो. तिने घेतलं नाही. कशासाठी द्यायचं, हे मला सांगता येईना, आणि ते न सांगता तिने का घ्यावं?

पुढच्या सुट्टीपर्यंत बेबी मोठी झाली. बाप कुठल्याही कपड्यात ओळखू लागली. पण ती एक सुट्टी गेली ती गेली. वासुदेव पेन्शन घेऊन सेलूत परतला तेव्हाही लोक त्याला मागून बहुरूपी म्हणायचे, आणि तो ऐकू न आल्यासारखा चालायचा. त्यानंतर कितीतरी वर्षं तो माझ्या ओट्यावर बसला. आता तो नाही. इंदूही नाही. मी सुभेदाराला मुद्दाम बोलावलं होतं, हे त्या दोघांना शेवटपर्यंत कळलं नाही.

एकदा सांगायच्या अगदी जवळ आलो होतो. बेबीच्या लग्नाचा बस्ता माझ्याकडेच बांधायचा, असं वासुदेवने ठरवलं. दुपारची वेळ, दुकानात तिसरं कुणी नव्हतं. नोकर जेवायला गेलेला. त्याने नवरीसाठी शालू निवडला, मांडीवर घेतला, आणि माझ्याकडे बघून म्हणाला, "मधुभाऊ, लगनात तुमीच मले आहेर करा. माह्ये भाऊबंद कोनी राह्यले नाई."

मी सकाळपासून वाक्य जुळवून ठेवलं होतं. वासुदेवभाऊ, त्या दिवशी सुभेदाराला मीच बोलावलं होतं. एवढंच. मी गादीवरून पुढे सरकलो. म्हणालो, "वासुदेवभाऊ..."

"बोला ना."

तो शालूवरून हात फिरवत वाट पाहत होता.

"रंग पक्का आहे," मी म्हणालो. "धुतला तरी जाणार नाही."