आगाऊ वृत्तांत

शाळेचा ब्लॉग सुरू करायचा हुकूम वरून आला, तेव्हा मनवेलपाड्यातल्या त्या शाळेचे सगळे शिक्षक एकदम खिडकीबाहेर बघायला लागले. सदानंद सर तेवढे बेसावध होते. मुख्याध्यापिका बर्था मॅडम म्हणाल्या, "सर, तुमचं मराठी चांगलंय. ब्लॉग तुमचा." मराठीच्या शिक्षकाचं मराठी चांगलं असणं हा गुन्हा ठरू शकतो, हे सरांना त्या दिवशी कळलं.

पण प्रशिक्षणाहून सर परत आले ते वेगळाच माणूस होऊन. मजकूर आधी लिहून ठेवायचा, तारीख लावायची, आणि त्या दिवशी सकाळी तो आपोआप प्रसिद्ध होतो, हे कळल्यावर त्यांना तंत्रज्ञानाबद्दल एकदम माया वाटायला लागली. शाळेतला कार्यक्रम कधी वेगळा झालाय? दीपप्रज्वलन, स्वागत, पाहुण्यांचं मार्गदर्शन, आभार, आणि 'कार्यक्रम उत्साहात संपन्न झाला'. सरांनी जूनमध्येच वर्षभराचे वृत्तांत लिहून मोकळे केले. "वाचकाला जिवंत तपशील द्या," असं प्रशिक्षणात बजावलं होतं, म्हणून प्रत्येकात एखादी गोष्ट मनानेच घातली.

पंधरा ऑगस्टच्या वृत्तांतात त्यांनी लिहिलं होतं, की हार घालताना पाहुण्यांचा चष्मा हारात अडकून पडला आणि एकच हशा पिकला. पंधरा ऑगस्टला पाहुण्यांचा चष्मा हारात अडकून पडला. सर मनापासून हसले आणि घरी जाऊन बायकोलाही ती गंमत सांगितली.

शिक्षक दिनाच्या वृत्तांतात त्यांनी गणिताच्या विनिता बाईंना भाषण करताना रडवलं होतं. निव्वळ चेष्टा, कारण विनिता बाई स्वतःच्या लग्नात सासरी निघतानाही रडल्या नव्हत्या. त्या दिवशी बाई माइक धरून हमसून हमसून रडल्या. खाली आल्यावर डोळे पुसत म्हणाल्या, "काय झालं काय माहीत. मला रडायचंच नव्हतं हो." या वेळी सर हसले नाहीत.

विज्ञान प्रदर्शनाच्या वृत्तांतात सरांनी एक काळं मांजर सोडलं होतं. 'त्याने सर्व प्रयोगांची पाहणी केली' असं गमतीत लिहिलं होतं. मांजर आलं. एकेका टेबलापाशी थांबत त्याने खरोखरच पाहणी केली, शेवटी सदानंद सरांसमोर बसलं, त्यांच्याकडे बराच वेळ पाहिलं आणि आल्या वाटेने गेलं.

खेळाचे संग्राम सर मोबाइल बघत स्टाफरूममध्ये आले. "सर, हे तर सकाळीच छापून आलंय! मांजर तर दुपारी आलं ना?"

मग सरांना सगळं सांगावं लागलं. संग्राम सरांनी आवाज खाली आणून विचारलं, "माझी बदली घराजवळ झाली, असं एक टाकता का?" बर्था मॅडमनी मात्र क्रुसाची खूण केली. "अजून काय काय लिहून ठेवलंय, सर?"

"बालदिन आहे, स्नेहसंमेलन आहे, दहावीचा निरोप..." बोलता बोलता सरांचा चेहरा पांढराफटक पडला. "आणि एक शोकसभा आहे."

"कोणाची?"

"दरवर्षी कोणाची तरी असतेच ना, म्हणून नमुना करून ठेवला. दुसऱ्याचं नाव घालणं बरं दिसेना. सरावापुरतं... माझंच घातलं."

"तारीख?"

"लागली असेल एखादी..." सरांनी ब्लॉग उघडून पाहिलं. "येत्या शुक्रवारची."

ते पान काढून टाकायला गेले, तर ब्लॉगने पुन्हा पासवर्ड मागितला. सरांनी घाईघाईत टाकला, तर तो सारखा चुकला. मग संग्राम सरांनी आपल्या अंदाजाने हात चालवला. शेवटी सुरक्षेच्या कारणास्तव खातं काही दिवसांसाठी बंद झालं. वृत्तांत मात्र बंद होणार नव्हते. ते ठरल्या दिवशी आपापले येणारच होते.

सर घाबरले, अगदी मुळापासून हादरले. घरी जेवण जाईना. समोर बसून भेंडी चिरणाऱ्या बायकोला, जयवंतीला, सांगायची हिंमत होत नव्हती.

सरांनी आठवेल तेवढा मजकूर सगळ्यांना सांगितला, तेव्हा वाट काढली ती विनिता बाईंनी. "सर गेले, असं वृत्तांतात कुठंय? शोकसभा झाली, एवढंच आहे. मग शोकसभा घेऊ. लिहिलंय तेवढं सगळं पार पाडलं, की विषय संपला."

"आणि नाही घेतली तर?" बर्था मॅडमनी विचारलं.

"तर मग खरी घ्यावी लागेल."

शुक्रवारी सकाळी वृत्तांत आला. पोरं सभागृहात बसवली गेली. राष्ट्रगीतातही कुजबुजणारी ती पोरं आज चिडीचूप होती. वृत्तांतात 'प्रतिमेस पुष्पहार' होता. विनिता बाई रांगोळीसाठी प्रसिद्ध असलेल्या जूचंद्र गावच्या, त्यांचा हात रांगोळीत बसलेला, त्यांनी जमिनीवर सरांची प्रतिमा रेखली. ती इतकी हुबेहूब उतरली, की शेजारी खुर्चीत बसलेले सरच फिके वाटायला लागले. रांगोळीवर हार ठेवला तर ती पुसणार, म्हणून हार सरांच्या गळ्यात पडला. विनिता बाई मोबाइलवर वृत्तांत बघत एकेक वाक्य पुढे नेत होत्या; 'वातावरण सुन्न झाले' हे वाक्य आलं आणि वीज जाऊन पंखे थांबले.

"सदानंद सर फार मनमिळाऊ होते," संग्राम सरांनी सुरुवात केली.

"आहेत," सर पुटपुटले.

"मध्ये बोलू नका," बर्था मॅडम कुजबुजल्या. "ते लिहिलेलं नाहीये."

दोन मिनिटं मौन झालं. आता सुटलो, असं सरांना वाटलं, तोच विनिता बाई मोबाइलकडे बघत म्हणाल्या, "एक राहिलं. 'सरांच्या पत्नी जयवंतीताई यांनी सर्वांचे आभार मानले.'"

सर हारासकट उभे राहिले. "तिला काही माहीतच नाही!"

तेवढ्यात दारात ठेवणीतली साडी नेसून जयवंतीबाई उभ्या राहिल्या. त्यांनी हार बघितला, रांगोळी बघितली, आणि पुढे येऊन हात जोडले. "ह्यांना तुम्ही सगळ्यांनी एवढा जीव लावलात. सगळ्यांचे आभार." पंखे सुरू झाले.

"सत्कार समजल्या वाटतं," संग्राम सर हळूच म्हणाले. सरांनाही तेच वाटलं, आणि इतकं बरं वाटलं की रडूच यायला लागलं.

घरी, चंदनसारला जाणाऱ्या रिक्षात सर उसन्या उत्साहाने म्हणाले, "अचानकच ठरला गं सत्कार."

"कसला सत्कार?" जयवंतीबाई समोर बघत म्हणाल्या. "तुमचं सगळं वाचते मी, पहिल्यापासून. त्या चष्म्यापासून बघतेय. आज सकाळी तुम्ही बाजूला घोरत होता, आणि मी तुमची शोकसभा वाचत होते."

सर त्यांच्याकडे वळले. "मग काही बोलली का नाहीस? आणि आलीस कशी?"

"शेवटचं वाक्य माझ्या नावावर होतं. ते अर्धवट राहिलं असतं तर?" त्यांनी सरांचं मनगट घट्ट धरलं. रिक्षा वळली तरी सोडलं नाही.

"खातं उघडलं की पहिलं ते पान काढून टाकतो," सर म्हणाले.

"अहो, हात लावू नका त्याला!" जयवंतीबाई एकदम ओरडल्या, तशी रिक्षावाल्याने मागे वळून बघितलं. मग आवाज खाली आणून त्या म्हणाल्या, "राहू दे तिथंच. झालेला कार्यक्रम परत होत नसतो."